न विचारता सुरू झालेलं नेट

सिस्टरांचा फोन आला तेव्हा मी बोर्डीच्या एका शाळेत होते आणि स्वतःवरच खूश होते.

मी डहाणूची. बाबांची बोट होती, आई मासे सुकवायची. मी मात्र कॉम्प्युटरच्या नादाला लागले, मुंबईत काही वर्षं नोकरी केली आणि कंटाळून परत आले. आता डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतल्या शाळांची आणि दवाखान्यांची मशीनं सांभाळते. त्यातली बरीचशी जुनी असतात. जुन्या मशीनवर चालणारी जुनी कामं वाचवायची, तर एम्युलेटर लागतो. एम्युलेटर म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर. खराखुरा नव्हे, सॉफ्टवेअरने उभा केलेला. पण आतल्या मशीनला ते ठाऊक नसतं. त्याला वाटतं, आपल्याला खरी डिस्क आहे, खरा पडदा आहे, खरं नेटवर्क कार्ड आहे.

जगभरातली माणसं मिळून असा एम्युलेटर लिहितात आणि फुकट वाटतात. मी त्याची आमच्याकडच्या मशीनांना झेपेल अशी आवृत्ती तयार करून ठेवते. दोन तालुक्यांत प्रत्येक ठिकाणी स्कूटरने जाणं जमत नाही, म्हणून सोय अशी केली होती, की सकाळी मशीन चालू झालं की ते माझ्याकडे नवीन आवृत्ती आहे का बघतं आणि असली तर आपोआप उतरवून घेतं.

आतल्या मशीनला नेट द्यायचं तर पूर्वी बाहेरच्या मशीनचा ॲडमिन पासवर्ड लागायचा. बोर्डीच्या शाळेत तो मुख्याध्यापकांच्या कपाटात. मुख्याध्यापक मीटिंगला गेले की तास बुडाला. मग संगणकाच्या सरांचा मला फोन, "मॅडम, आजपण नाही चालत." दुसरी एक पद्धत होती. त्यात एम्युलेटर स्वतःच, एखाद्या साध्या ब्राउझरसारखा, आतल्या मशीनचे निरोप बाहेर नेतो आणि उत्तरं आत आणून देतो. पासवर्ड नको, कुणाची परवानगी नको. माझ्या आवृत्तीत तो भाग बंद होता, कारण सुरुवातीला त्याला लागणारी एक फाईल जुन्या मशीनांवर बसत नव्हती. ती अडचण केव्हाच संपली होती. त्या रविवारी मी तो भाग सुरू केला. सगळ्यांसाठी केला. एका ओळीत 'नाही' होतं, तिथे 'हो' लिहिलं.

सोमवारी मुद्दाम बघायला बोर्डीला गेले. सरांनी एकेका मशीनपाशी नेऊन दाखवलं. "बघा, आता काही विचारतच नाही. उघडलं की नेट चालू."

आणि फोन वाजला. तलासरी तालुक्यात उधवा गावाच्या पुढे एका ट्रस्टचा छोटा दवाखाना आहे, तिथल्या सिस्टर.

"ताई, बिझी आहात का?"

"बोला ना सिस्टर."

"आज इकडे नेट फारच स्लो आहे हो. औषधांचं मशीन अडकतंय. आणि ते रजिस्टरचं मशीन तर उघडता उघडत नाही. पण एक चांगलं झालं बघा. खाली कोपऱ्यात ती लाल फुली असायची ना, ती गेली."

"फुली गेली म्हणजे?"

"तिथे आता दोन छोटे कॉम्प्युटर दिसतायत. सारखे लुकलुकतायत. तुम्हीच दुरुस्त केलंत ना?"



ती लाल फुली म्हणजे बिघाड नव्हता. आतल्या मशीनच्या नेटवर्क कार्डाला वायर नाही, एवढीच ती खूण होती. त्या फुलीच्या भरवशावर मी तीन वर्षं निवांत झोपत होते.

रजिस्टर म्हणजे सिकलसेलचं रजिस्टर. आमच्याकडच्या पाड्यांवर हा रक्ताचा आजार पुष्कळ घरांत आहे. कुणाला आजार, कुणाच्या रक्तात नुसता अंश, कुणाला कधी रक्त चढवलं, कुणाचं मूल तपासायचं आहे, हे सगळं त्या दवाखान्याने वर्षानुवर्षं एका जुन्या प्रोग्रॅममध्ये भरलं होतं. हजाराच्या वर माणसं. प्रोग्रॅम लिहिणारा माणूस कुठे गेला, कुणाला माहीत नव्हतं. ज्या मशीनवर तो चालायचा ते मेलं, तेव्हा मी त्याची डिस्क जशीच्या तशी एम्युलेटरमध्ये बसवून दिली. डिस्कबरोबर तिच्यातला व्हायरसही आला. कुणाकुणाच्या पेनड्राइव्हमधून कधीतरी शिरलेला. मी तो तीनदा काढला, तीनदा तो परत उगवला, कारण तो प्रोग्रॅमच्या फायलींतच मुरला होता. फार खरवडलं असतं तर प्रोग्रॅमच गेला असता. शेवटी मी डॉक्टरांना म्हटलं, "पडून राहू दे आत. त्याला बाहेर यायला वाटच नाही."

वाट मीच करून दिली होती. रविवारी, डहाणूत घरी बसून, चहा पिता पिता.

"सिस्टर, ऐका," मी ओरडलेच. सर आणि मुलं माझ्याकडे बघायला लागली. "ते मशीन बंद करा. आत्ताच्या आत्ता. आणि राउटरची वायर..."

फोन कट झाला होता. पुन्हा लावला. पलीकडून बाई सांगत होत्या, की आपण ज्यांना फोन करत आहात ते नेटवर्कच्या बाहेर आहेत.

बोर्डीहून तलासरीचा रस्ता मला पाठ आहे. त्या दिवशी त्यातलं मला काही आठवत नाही, फक्त एवढंच आठवतं की मी मनातल्या मनात हिशेब करत होते. दवाखान्याचं मशीन सकाळी साडेआठला चालू होतं. आता पावणेअकरा. म्हणजे सव्वादोन तास झाले. सव्वादोन तासांत काय काय जाऊ शकतं? मला आकडे माहीत होते, म्हणून तर भीती जास्त. हजारभर माणसांची नावं, गाव, वय, बापाचं नाव, आजार. ती सगळी फाईल एका मोठ्या फोटोएवढीसुद्धा नव्हती. नेट कितीही हळू असलं तरी मिनिटभराचं काम.

आणि त्या नावांत लग्नाच्या मुली होत्या. रक्तात नुसता अंश आहे एवढं कळलं तरी बोलणी मोडतात, हे मी त्याच दवाखान्याच्या बाकावर बसून ऐकलं होतं.

तलासरीत हायवेखाली थांबून परत फोन लावला. वाजला, पण कुणी उचलला नाही.  तशीच पुढे निघाले.

दवाखान्याच्या ओट्यापाशी ॲम्ब्युलन्स उभी होती. दवाखान्यात एक तरुण बाई खाटेवर पडली होती. गुडघे पोटाशी घेतलेले, ओठ पांढरे. तिची सासू पायाशी उभी राहून तिचे तळवे चोळत होती. सिस्टर टेबलाशी, रजिस्टरच्या मशीनसमोर. पडद्यावर वाळूचं घड्याळ फिरत होतं आणि खाली कोपऱ्यात ते दोन छोटे कॉम्प्युटर लुकलुकत होते. एकदाही न थांबता.

मी आधी राउटरची वायर उपटली.

"तुम्हाला बंद करायला सांगितलं होतं ना मी?"

"केलं की," सिस्टर रडवेल्या झाल्या होत्या. "बंद करून चालू केलं. मला तेवढंच ऐकू आलं. नेहमी तुम्ही तसंच सांगता."

खरं होतं. नेहमी मी तसंच सांगते.

डॉक्टर खाटेपाशी होते. साठीचे, कधी आवाज न चढवणारे. म्हणाले, "ही आपलीच पेशंट आहे, लहानपणापासूनची. लग्न होऊन दादरा गावी गेली. रक्त फार उतरलंय, सिल्वासाला पाठवतोय, तिथे चढवावं लागेल. मला आठवतंय की हिला मागे रक्त दिलं तेव्हा काहीतरी झालं होतं. पण ते हिलाच, की हिच्या बहिणीला, ते खात्रीनं आठवत नाही."

सासूला विचारलं. ती म्हणाली, "आमच्याकडं आल्यावर कधी रक्त दिलं नाही. त्याआधीचं मला नाही ठावं. तिची आई कामाला गुजरातेत आहे, फोन लागत नाही."

"रजिस्टरमध्ये असेल," डॉक्टर मला म्हणाले. "काय झालंय मशीनला?"

त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "व्हायरस आहे."

खोटं नव्हतं ते. पण मी ते ज्या आवाजात म्हटलं, तो दुसऱ्याच्या चुकीबद्दल बोलायचा आवाज होता.

वायर काढल्यावर लुकलुकणं थांबलं, घड्याळही थांबलं, पण प्रोग्रॅम उघडताच फाईल खराब असल्याची पाटी आली. मध्येच बंद करून चालू केल्यामुळे फाईल अर्धवट राहिली होती. माझ्या पिशवीतल्या हार्डडिस्कमध्ये त्या आतल्या मशीनची जुनी प्रत होती, काही आठवड्यांपूर्वीची. ती उतरवायला घेतली. पडद्यावर पट्टी सरकायला लागली. चार टक्के. पाच टक्के.

"किती वेळ?" डॉक्टरांनी विचारलं.

"वीस मिनिटं."

"गाडी थांबवता येणार नाही."

बाईला स्ट्रेचरवर घेतलं. नेताना तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं, का कुणास ठाऊक, बहुतेक मी मध्ये उभी होते म्हणून. गाडी गेली. मी पट्टीकडे बघत बसले. एकोणचाळीस टक्क्यांवर ती थांबली तेव्हा मला खरोखर वाटलं, की आता ही बाई मरणार आणि मी तिला मारलं हे फक्त मलाच माहीत असणार. मग पट्टी पुढे सरकली.

प्रत सुरू करताना नेट बंद ठेवायचा शब्द मी टाइप केला तो चुकला. परत केला, परत चुकला.  सिस्टर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "ताई, सावकाश." तिसऱ्यांदा जमलं. कोपऱ्यात लाल फुली दिसली आणि प्रोग्रॅम उघडला. सिस्टरांनी नाव सांगितलं, गाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं. त्याच नावाच्या तिघी निघाल्या. दुसरी ती होती.

'रक्त दिल्यावर थंडी वाजून ताप, लघवी लाल. पुढच्या वेळी विशेष तपासणीशिवाय देऊ नये.'

डॉक्टर मोबाईल घेऊन गच्चीवर धावले, कारण रेंज तिथेच येते. साठीचा माणूस दोन दोन पायऱ्या चढताना मी बघितला. खाली आम्हा दोघींना त्यांचा आवाज ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते. खूप वेळाने ते आले. "सांगितलंय. गाडी अजून पोचली नाहीये. ते तिकडे तपासणार होतेच, पण म्हणाले, बरं झालं कळवलंत."

मग त्यांनी स्वतः जाऊन चहा आणला आणि माझ्यासमोर ठेवला. "वेळेवर धावत आलात. नाहीतर आज कठीण होतं."

त्या चहाचा कप मला उचलता येईना. त्यांनी ओरडायला हवं होतं. ते आभार मानत होते.

"डॉक्टर," मी म्हणाले, "व्हायरस तीन वर्षांपासून आहे. तो आज बाहेर गेला तो माझ्यामुळे."

मी सगळं सांगितलं. शाळा, पासवर्ड, 'नाही'चं 'हो'. सांगताना लक्षात आलं की इथे नेट बंदच राहिलं पाहिजे, हे मी कुठे लिहूनच ठेवलं नव्हतं. ते बंद होतं ते केवळ एक भाग माझ्या आवृत्तीत नव्हता म्हणून. मी त्या नसण्यालाच कुलूप समजून बसले होते.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "नावं बाहेर गेली का?"

"माहीत नाही."

"कळेल का?"

"बघते."

तीन दिवस बघितलं. राउटरला शेवटचे काहीशे व्यवहार तेवढे आठवतात, आणि व्हायरसने तासाभरात त्याहून किती तरी जास्त केले होते. जे उरलं होतं त्यात जगातल्या कुठल्या कुठल्या मशीनांचे पत्ते होते, नुसते आकडे. असा व्हायरस बहुधा दुसरी मशीनं शोधत फिरतो, तेवढंच. पण त्याच्याच शेजारी मला आणखी एक फाईल सापडली आणि तिचं काम काय, हे मला शेवटपर्यंत उलगडलं नाही. मुंबईतल्या जुन्या ओळखीच्या माणसाला दाखवली. तो म्हणाला, "पाठवलं असेल, नसेलही." घरी आईने विचारलं, "जेवत का नाहीस?" मी म्हटलं पित्त झालंय. अनोळखी नंबरचा फोन आला की मी उचलायची नाही. कुणीतरी विचारणार, आमच्या मुलीचं नाव तुमच्याकडे कसं आलं?

बाई वाचली. सिल्वासाला तपासून जुळणारं रक्त मिळायला दुसरा दिवस उजाडला, पण वाचली. सिस्टरांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी डहाणूच्या बाजारात होते. तिथेच एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि रडले.

डॉक्टर म्हणाले, "लोकांना सांगावं लागेल. मी सांगतो, पण तुम्ही हजर राहा." गुरुवारी सिकलसेलच्या पेशंटांची ओपीडी असते. दवाखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चाळीसेक माणसं जमली. डॉक्टरांनी सुरुवात केली, मग मीच उठले.  एम्युलेटर वगैरे काही बोलले नाही. म्हटलं, "तुमची नावं आणि आजार या मशीनमध्ये आहेत. माझ्या चुकीने ते मशीन काही तास बाहेरच्या जगाला जोडलं गेलं. कुणी ती नावं घेतली असतील किंवा नसतील. मला सांगता येत नाही."

कुणी ओरडलं नाही. मागे बसलेला एक बाप उभा राहिला. शेजारी त्याची मुलगी होती, दहावी-अकरावीची असेल.

"कुठं गेली असतील नावं?"

"माहीत नाही, दादा."

"मग परत कशी आणणार?"

"नाही आणता येणार."

तो थोडा वेळ उभाच राहिला, जणू मी अजून काहीतरी सांगेन. मग खाली बसला. त्याच्या मुलीने खाली बघितलं.  सोमवारी रस्त्यात वाटलेली भीती याच्यापुढे काहीच नव्हती.

शाळांसाठी ते 'हो' मी तसंच ठेवलं. सरांचे तास बुडत नाहीत, आणि तिथल्या आतल्या मशीनांत लपवण्यासारखं काही नाही. पण आपोआप उतरणं सगळीकडून काढून टाकलं, आणि दवाखान्याच्या मशीनच्या सुरुवातीच्या ओळीत, ठळक, याला नेट नाही असं लिहून ठेवलं. आता मी इतरत्र काहीही बदललं तरी ते मशीन त्या ओळीचंच ऐकतं. बदल करण्याआधी मी आता एक वही काढते आणि कुठल्या मशीनवर कोण बसतं ते वाचते. त्याला तास-दीड तास जातो.

दोनेक महिन्यांनी मी दवाखान्यात असताना ती बाई आली. सासूबरोबर नव्हे, एकटीच. मला वाटलं, मला ओळखणार नाही. तिने ओळखलं.

"ताई, माझं नाव त्या मशीनमधून काढा."

डॉक्टर म्हणाले, "अगं, त्या दिवशी त्याच नावानं तुला..."

"मला कळतं," ती म्हणाली. "पण माझ्या बहिणीचं बघतायत. माझं नाव तिथं असलं, की तिचंही आलं. बापाचं नाव एकच ना."

  तिचं नाव काढलं तर पुढच्या वेळी तिला कोण ओळखणार? आणि ठेवलं तर कुठल्या तोंडाने ठेवायचं? मग सिस्टरच बोलल्या, "मशीनमध्ये नुसता नंबर ठेवला तर? नाव माझ्या वहीत. वही कपाटात."

इतकं साधं होतं. मला सुचलं नव्हतं, कारण मी सगळा वेळ मशीनकडेच बघत होते.

ते काम आम्ही दोघींनी केलं, दुपारी ओपीडी संपल्यावर, कितीतरी दिवस. सिस्टर पडद्यावरचं नाव, गाव, बापाचं नाव मोठ्याने वाचायच्या आणि वहीत लिहायच्या. मी ते पुसून जागी नंबर टाकायची. सिस्टरांना बहुतेक माणसं तोंडओळखीची. वाचता वाचता मध्येच म्हणायच्या, "हा आता वापीला कंपनीत आहे," नाहीतर, "ही गेली, ताई. तरी लिहू या." मी पुसायची. दर वेळी बटण दाबण्याआधी मी सिस्टरांना वहीतलं नाव परत वाचायला लावायची, आणि त्याही, एकदाही न कुरकुरता, परत वाचायच्या.